आग्रा रस्त्याकांठचें बुद्धमंदिर

नाशिक क्षेत्रीं एकदां तरी जाऊन आलें नाहीं असें कुटुंब आपणांत क्वचितच सांपडेल. रामकुंडावरील स्नान, काळ्या रामाचें दर्शन, सीतागुंफेंत वांकून प्रवेश, सवड असल्यास त्र्यंबकेश्वर, आणि परततांना चिवड्याचे पुडे, असा या यात्रेचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेला आहे. परतीची गाडी आग्रा रस्त्यानें मुंबईच्या दिशेनें सात-आठ किलोमीटर आली म्हणजे डाव्या हातास त्रिकोणी माथ्याचे डोंगर दिसूं लागतात. त्यांतील एकाच्या मध्यावर काळ्या चौकोनांची एक आडवी रांग असते. गाडींतील वडील माणूस बोट दाखवून म्हणतें, "तीं पाहा पांडवलेणीं. पांडव वनवासांत येथें राहिले होते." मुलें माना वळवितात, आणि तोंवर गाडी पुढें निघून जाते.

मी स्वतः या रस्त्यानें अशा रीतीनें किती वेळां गेलों असेन याची गणती नाहीं. लहानपणीं आईच्या मांडीवर बसून गेलों तेव्हां बोट दाखविणारी ती होती. पुढें मुलांबाळांसह जाऊं लागलों तेव्हां बोट माझें होतें. त्या डोंगरावर अर्धा दिवस काढून तेथील मंदिर नीट पाहण्याचा योग मात्र वयाची साठी उलटल्यावर आला. त्या योगानें माझा एक जुना अपराध माझ्यापुढें येऊन उभा राहिला. तो प्रथम सांगतों, म्हणजे पुढील हकीकत मी कोणत्या मनानें लिहीत आहें हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, अध्यापनाच्या व्यवसायांत नवा असतांना, मी आमच्या शाळेंतील मुलांची सहल घेऊन येथें आलों होतों. हीं लेणीं बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेलीं आहेत हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु मुलांना पांडवांची गोष्ट आवडते आणि सांगणारालाही ती सोपी जाते. म्हणून एका मोठ्या दालनापुढें मुलांना बसवून मीं खुशाल सांगून टाकलें कीं, येथें धर्मराज बसत, तेथें भीम निजत असे, आणि ह्या साऱ्या खोल्या पांडवांनीं एका रात्रींत कोरल्या. तेव्हां मागच्या रांगेंतील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, आमच्या घरीं हें बुद्धाचें मंदिर म्हणतात. माझे आजोबा पौर्णिमेला येथें येतात."

मुलें हंसलीं. तीं त्याला हंसलीं कीं मला, हें कळेना, आणि त्यामुळेंच मला राग आला. "तुझ्या आजोबांना माझ्यापेक्षां जास्त कळतें काय?" असें म्हणून मीं त्याला बाहेर उन्हांत उभें केलें. तो कांहीं बोलला नाहीं. परत येतांना तो खिडकीशीं बसला होता आणि डोंगर दिसेनासा होईपर्यंत मागें वळून पाहत होता, एवढें मला स्पष्ट आठवतें. त्याचें म्हणणें खरें होतें, आणि तें खरें आहे हें मला त्याच वेळीं ठाऊक होतें, हा माझ्या अपराधाचा खरा गाभा आहे.

गेल्या मार्गशीर्षांत माझ्या आईचें वर्षश्राद्ध रामकुंडावर करून आम्ही परतत होतों. बरोबर मुलगा, सूनबाई आणि सातव्या इयत्तेंत शिकणारी नात होती. डोंगर दिसतांच संवयीनें माझें बोट वर गेलें. तेव्हां सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, दर वेळीं आपण गाडींतूनच दाखवतां. आज वर जाऊं या कीं!" निवृत्तीनंतर मीं ब्राह्मी लिपीचीं अक्षरें तक्त्यावरून गिरवून घेतलीं होतीं, आणि येथील शिलालेखांचे छापील पाठ एका वहींत उतरून ठेविले होते. ती वही पिशवींतच होती. नाहीं म्हणण्यास कारण उरलें नाहीं.

पायथ्याशीं चित्रपटमहर्षि दादासाहेब फाळके यांचें स्मारक आणि त्याच्या शेजारीं एक नवा बुद्धविहार आहे. तेथून सुमारें दोनशें पायऱ्या चढून गेलें कीं आपण लेण्यांच्या रांगेपुढें येतों. चढण फार नाहीं. माझ्यासारख्यानेंही दोनदां विसांवा घेऊन ती पार केली. लेणीं डोंगराच्या उत्तर अंगास असल्यामुळें दुपारींही तेथें सांवली असते. एकंदर 24 लेणीं आहेत. तीं कोरण्याचें काम इसवी सनापूर्वीं सुरू झालें आणि इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकापर्यंत थांबत थांबत चालूं राहिलें.

वर पोहोंचून मीं प्रथम पाठ फिरवून खालीं पाहिलें, आणि हें मंदिर येथेंच कां, या प्रश्नाचें उत्तर समोर पसरलेलें दिसलें. खालून रस्ता जात होता. मालमोटारींची रांग मुंबईकडे चालली होती, दुसरी मुंबईहून येत होती. दोन हजार वर्षांपूर्वींही माल याच अंगानें जात असे. कोंकणांतील शूर्पारक, म्हणजे हल्लींचें सोपारा, हें मोठें बंदर होतें. तेथें उतरलेला माल थळ घाटानें वर चढून नाशिक प्रांतांत येई आणि पुढें प्रतिष्ठानास, म्हणजे पैठणास, जाई. या प्रांताला तेव्हां गोवर्धन म्हणत. त्या नांवाचा गांव नाशिकजवळ अद्याप आहे. व्यापारी तांड्यांना विसांवा पाहिजे, आणि भिक्षूंना भिक्षा पाहिजे. शिवाय पावसाळ्याचे महिने भिक्षूंनीं एका ठिकाणीं राहावें असा त्यांचा नियम. रस्त्यापासून फार दूर नाहीं आणि रस्त्याच्या गोंगाटांतही नाहीं, अशी जागा दोघांच्या सोयीची होती. अरण्यांत दडून बसलेल्या तपस्व्यांचें हें स्थान नव्हे. हें रस्त्याकांठचें मंदिर आहे, आणि रस्त्यावरच्या माणसांनींच तें उभारलें आहे.

मंदिर असें म्हटलें तें अठराव्या लेण्यास उद्देशून. बाकीचीं बहुतेक लेणीं भिक्षूंच्या निवासाचे विहार आहेत; हें एकच चैत्यगृह आहे. दारावर पिंपळपानाच्या आकाराची कमान, आंत सडपातळ खांबांच्या दोन ओळी, आणि टोंकाशीं डोंगराच्याच दगडांतून कोरलेला स्तूप. मूर्ति नाहीं. आम्ही आंत गेलों तेव्हां एक कुटुंब स्तूपापुढें बसलें होतें: एक वृद्ध बाई, तिचा मुलगा, सून आणि दोन लहान मुलें. तीं मंद स्वरांत त्रिशरण म्हणत होतीं. पालीचे ते शब्द संस्कृत शिकलेल्या कानाला परके वाटत नाहींत. आम्ही दाराशींच थांबलों. वंदना संपल्यावर ती बाई उठली, आमच्याकडे पाहून किंचित्‌ हंसली आणि म्हणाली, "या ना, बसा." आपल्याच घरीं पाहुण्यांना म्हणावें, तसें ती म्हणाली.

1956 सालीं नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लाखों अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हांपासून महाराष्ट्रांतील अशा अनेक जुन्या स्थानांत पुन्हां वंदनेचे शब्द ऐकूं येऊं लागले आहेत. त्या मुलाचे आजोबा पौर्णिमेला येथें येत असत, ते याच स्तूपापुढें बसत असले पाहिजेत.

आमच्या नातीनें भिंतीवरील अक्षरांकडे बोट करून विचारलें, "आजोबा, यांत काय लिहिलें आहे?" मीं वही उघडली. दारावरील कोरीव काम धंभिक नांवाच्या गांवानें दिलेलें दान आहे असें तेथें लिहिलें आहे. कोणी राजा नव्हे, कोणी सरदार नव्हे, एका गांवानें वर्गणी करून देवळाचा दर्शनी भाग करून द्यावा, तसें तें आहे. दुसरा लेख एका बाईचा आहे. तिचें नांव भटपालिका. ती एका राजामात्याची कन्या आणि भांडारावरील अधिकाऱ्याची पत्नी. हें चैत्यगृह तिनें पूर्ण करविलें. मूळ लेखांत शब्द आहे 'चेतियघर'. दोन हजार वर्षांपूर्वींच्या दगडांत आपला 'घर' हा शब्द जसाच्या तसा वाचतांना मला क्षणभर बोलवेना.

असे शब्द येथें पुष्कळ आहेत. ज्याला आपण लेणें म्हणतों त्याला हे लेख 'लेण' म्हणतात. भिक्षूच्या खोलीला 'ओवरक' म्हणतात. देवळाच्या आवारांतील आपली ओवरी तीच. शेजारच्या एका लहान आणि सर्वांत जुन्या लेण्यांत सातवाहन कुळांतील कृष्ण राजाच्या काळचा लेख आहे. श्रमणांच्या व्यवस्थेवर नेमलेल्या नाशिकच्या महामात्रानें तें लेणें करविलें, असें त्यांत म्हटलें आहे, आणि त्यांत 'नासिक' हें नांव स्पष्ट आहे. लक्ष्मणानें येथें शूर्पणखेचें नाक कापलें म्हणून नाशिक, असें आपण ऐकत आलों. कथा कांहींही असो. नांव मात्र या डोंगरावर इसवी सनापूर्वींपासून कोरलेलें आहे.

तेथून आम्ही दहाव्या लेण्यांत गेलों. क्षहरात वंशाचा नहपान नांवाचा शक क्षत्रप त्या काळीं पश्चिम हिंदुस्थानांत राज्य करीत होता. त्याचा जांवई उषवदात, दीनीकाचा पुत्र, यानें हा विहार कोरविला. त्याची पत्नी दक्षमित्रा हिनें एक ओवरक दिल्याचा लेखही तेथेंच आहे. उषवदाताचा मुख्य लेख संस्कृताच्या इतका जवळ आहे कीं, पाठशाळेंत अमरकोश पाठ केलेल्या माणसालाही त्याचा बराच अर्थ लागतो.

हा परक्या वंशाचा पुरुष. त्याच्या दानांची यादी वाचा. 3,00,000 गाई दिल्या. नदीवर घाट बांधला. देवांना आणि ब्राह्मणांना 16 गांव दिले. दरवर्षीं 1,00,000 ब्राह्मणांस भोजन घातलें. प्रभास तीर्थीं 8 ब्राह्मणांचीं लग्नें लावून दिलीं. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथें वाटसरूंसाठीं चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी खणल्या, बागा लाविल्या. दमणा, तापी, दाहणुका इत्यादि नद्यांवर फुकट नावा ठेविल्या, आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांस बसावयास सभा आणि प्यावयास पाणपोया केल्या. ही सारी यादी देऊन झाल्यावर तो सांगतो कीं, गोवर्धनांत त्रिरश्मि पर्वतावर धर्मबुद्धीनें हें लेणें आणि हीं पाण्याचीं टाकीं केलीं. ब्राह्मणभोजन आणि भिक्षूंचें लेणें एकाच श्वासांत, एकाच लेखांत! त्या दोहोंत कांहीं विरोध आहे असें लिहिणाराला वाटलेलें दिसत नाहीं.

पुढें आणखी एक तपशील आहे. लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना अन्न मिळावें म्हणून त्यानें एक शेत विकत घेतलें. तें वाराहीपुत्र अश्विभूति नांवाच्या ब्राह्मणाचें वडिलार्जित शेत होतें, आणि त्याची किंमत 4,000 कार्षापण दिली. कोणत्याही धर्माच्या कोणत्याही भिक्षूस त्यांतून 'मुखाहार' मिळावा, अशा अर्थाचें नव्हे, तर चारी दिशांनीं येणाऱ्या भिक्षुसंघास मिळावा, असा त्याचा करार आहे. ब्राह्मणानें विकलेलें शेत, शकानें दिलेले पैसे, आणि जेवणारे बौद्ध भिक्षु. माझ्या वहींत या ओळीखालीं मीं दोनदां रेघ ओढली आहे.

आतां थोडें गणित. शाळामास्तराला तेवढी सूट असावी. उषवदातानें 3,000 कार्षापणांची 'अक्षयनीवि' ठेविली, म्हणजे मुद्दल कधीं मोडावयाचें नाहीं, व्याज तेवढें वापरावयाचें. त्यांतील 2,000 गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा दर शेंकडा 1 या दरानें ठेविले, आणि 1,000 विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्यानें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून, लेण्यांत वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंपैकीं प्रत्येकास चीवरासाठीं 12 कार्षापण द्यावयाचे, असें ठरलें. मीं नातीला वहींत हिशेब करावयास सांगितला. 2,000 वर दरमहा 20. बारा महिन्यांचे 240. 20 भिक्षूंना प्रत्येकीं 12 म्हणजे बरोबर 240. एक कार्षापण कमी नाहीं, एक जास्त नाहीं. ती आश्चर्यानें म्हणाली, "आजोबा, उत्तर बरोबर आलें!" दोन हजार वर्षांपूर्वीं कोणीतरी कारकुनानें हाच ताळा करून पाहिला असला पाहिजे. हा सर्व व्यवहार नगरसभेंत जाहीर वाचून दाखविला आणि दप्तरांत नोंदविला, असेंही लेखांत नमूद आहे. रस्त्याकांठच्या मंदिराचा खर्च कसा चालत असे तें यावरून समजतें. विणकरांचे माग चालूं राहिले तर व्याज येणार, आणि व्याज आलें तर भिक्षूंच्या अंगावर वस्त्र येणार.

यानंतर तिसरें लेणें. तें दहाव्याच्याच नमुन्यावर, पण अधिक मोठ्या डौलानें कोरलेलें आहे. ओट्याखालीं सहा यक्ष आहेत आणि सारें लेणें आपण खांद्यावर उचलून धरलें आहे, अशा आवेशानें ते उभे आहेत. चाळीस वर्षांपूर्वीं मीं मुलांना बसविलें होतें तें याच लेण्यापुढें. यक्षांकडे पाहतांच मला जागा ओळखूं आली.

मध्यंतरीं काय घडलें होतें तें सांगितलें पाहिजे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णि यानें नहपानाचा पाडाव केला. 1906 सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगलथेंबी येथें नहपानाच्या चांदीच्या 13,000 हून अधिक नाण्यांचा सांठा सांपडला, आणि त्यांतील 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हां मारलेला आढळला. क्षहरात वंश निःशेष केला असें जें या लेण्यांतील लेखांत म्हटलें आहे, त्याला जमिनीनें दिलेली ही साक्ष होय.

शत्रूचा पाडाव झाला. मग शत्रूनें पोसलेल्या भिक्षूंचें काय झालें? लेण्याच्या ओसरींतच याचें उत्तर आहे. राज्याच्या 18 व्या वर्षीं, विजयी सैन्याच्या छावणींतून, गौतमीपुत्र गोवर्धनच्या अमात्यास आज्ञा धाडतो कीं, ककडी गांवचें जें 200 निवर्तनांचें शेत आजपर्यंत उषवदाताकडे होतें, तें त्रिरश्मीवरील भिक्षूंस द्यावें. त्या शेतांत सरकारी माणसानें शिरूं नये, तेथें मिठासाठीं खणूं नये. राज्य उलथलें, पण भिक्षूंचें ताट उचललें गेलें नाहीं. पुढें 24 व्या वर्षींची दुसरी आज्ञा आहे: तें शेत कोणी कसत नाहीं आणि तो गांवही वसलेला नाहीं, सबब त्याऐवजीं नगराच्या हद्दींतील राजाच्या जमिनींतून 100 निवर्तनें द्यावीं. दिलेलें दान कागदावर राहून फळत नसेल तर तें बदलून द्यावें, ही जाणीव राज्यकर्त्यांना होती.

या दुसऱ्या आज्ञेंत राजाबरोबर राजमातेचें नांवही आहे. तिला 'जीवसुता' म्हटलें आहे, म्हणजे जिचा पुत्र जिवंत आहे अशी. ही राजमाता म्हणजेच गौतमी बलश्री, असें बहुतेक विद्वान मानतात.

आतां ओसरीच्या मागील भिंतीवरचा मोठा लेख पाहूं. तो बलश्रीचाच आहे, परंतु तिच्या नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, राज्याच्या 19 व्या वर्षींचा. त्यांत ती स्वतःस महाराजाची माता आणि महाराजाची पितामही म्हणविते. 'जीवसुता' हा शब्द तेथें नाहीं. हें तिसरें लेणें तिनें भद्रायणीय पंथाच्या भिक्षूंस दिलें. पण लेखाचा फार मोठा भाग लेण्याविषयीं नाहींच. तो तिच्या पुत्राविषयीं आहे. तो दिसावयास कसा होता, चाले कसा, त्याचे घोडे तीन समुद्रांचें पाणी प्याले, तो प्रजेच्या सुखदुःखांत कसा समभागी होता, आईची सेवा कशी करी, अपराधी शत्रूचाही प्राण घेण्याची त्याला कशी रुचि नव्हती. त्याला ती 'एकब्राह्मण' म्हणते. आणि हें सर्व बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्यावर; त्या लेण्याच्या पर्वताला उपमाही कैलासशिखराची!

सूनबाई ऐकतां ऐकतां ओट्यावर बसल्या. त्या म्हणाल्या, "मामंजी, आजी असेंच करीत असत." मला उत्तर सुचलें नाहीं. माझे थोरले बंधु ऐन पंचविशींत वारले. त्यानंतर आई चाळीस वर्षें जगली, आणि घरीं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, अगदीं भाजीवालीलाही, त्यांचे गुण सांगत असे. कधीं कधीं आम्हांला संकोच वाटे. तिला कोणी लेणें कोरून दिलें नाहीं, म्हणून ती बोलून दाखवीत असे. बलश्रीनें दगडांत लिहून ठेविलें, एवढाच फरक. तिचें श्राद्ध करून मी त्याच सकाळीं निघालों होतों.

वही पुढें वाचूं लागलों, आणि एका ओळीशीं मी थबकलों. पुत्राच्या पराक्रमाला तुलना शोधतांना बलश्री चार नांवें घेते: राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन. भीम आणि अर्जुन! ज्या लेण्यापुढें बसून 'हें पांडवांनीं कोरलें' असें मीं मुलांना सांगितलें होतें, त्याच्याच भिंतीवर पांडवांचीं नांवें होतीं. पांडव येथें राहावयास आले नव्हते. एका मातेनें आपल्या मुलाची आठवण करितांना त्यांना येथें आणिलें होतें.

मग हें सर्व आपण विसरलों कसे? लिपि बदलली, आणि जुनीं अक्षरें वाचणारें कोणी उरलें नाहीं. मूळच्या लेण्यांत पुढील शतकांत महायान पंथाच्या लोकांनीं बुद्धाच्या भव्य मूर्ति कोरल्या. अकराव्या लेण्यांत जैन मूर्ति आल्या. उषवदाताच्या लेण्यांतील मागच्या भिंतीवरील स्तूपाच्या जागीं भैरव कोरला गेला. भिक्षु निघून गेले. रस्ता मात्र चालूं राहिला, आणि रस्त्यावरच्या लोकांना नांव तर पाहिजेच होतें. जें मोठें, जुनें आणि कोणी केलें तें ठाऊक नाहीं, तें आपल्याकडे पांडवांचें होतें. 1837 सालीं जेम्स प्रिन्सेप यानें ब्राह्मी लिपि उलगडल्यावर हीं अक्षरें पुन्हां बोलूं लागलीं. 1874 च्या लंडन येथील प्राच्यविद्यापरिषदेसाठीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं या लेखांवर निबंध लिहिला. पंडित भगवानलाल इंद्रजींनीं केलेलें वाचन 1883 च्या नाशिक गॅझेटिअरांत छापलें गेलें. पुढें एमिल सेनार या फ्रेंच पंडितानें ते सर्व लेख पुन्हां संपादिले. म्हणजे मीं मुलांना बसवून गोष्ट सांगितली तेव्हां खरी हकीकत छापून शंभर वर्षें होऊन गेलीं होतीं. अज्ञानाची सबब मला उपलब्ध नाहीं.

पांडवांची कथा सांगणाऱ्या माझ्या आईला मी दोष देत नाहीं. तिला जें मिळालें तें तिनें श्रद्धेनें पुढें दिलें. परंतु ज्याला अक्षर शिकविलें गेलें, त्यानें तें वाचावयास पाहिजे. आणि ज्यानें वाचलें आहे, त्यानें सोपी गोष्ट सांगून खरी झांकूं नये. या डोंगरावर ज्यांनीं दान दिलें, त्यांत शक होते, सातवाहन होते, दत्तामित्री नगरींतून आलेला इंद्राग्निदत्त नांवाचा यवन होता, एक अख्खा गांव होता, सुना होत्या, लेकी होत्या, आज्या होत्या. त्यांनीं एकमेकांचें दान पुसलें नाहीं. शत्रूचें शेत होतें तेंही भिक्षूंच्याच पदरांत पडलें. एवढ्या लोकांनीं मिळून जें राखलें, तें एका मुलाच्या आजोबांकडून हिरावून घेण्याचा मला काय अधिकार होता?

उतरतांना चैत्यगृहांतील ती वृद्ध बाई पायऱ्यांवर पुन्हां भेटली. नातवाचा हात धरून ती सावकाश उतरत होती. तिनें आमच्या नातीला विचारलें, "काय वाचत होतीस ग एवढें?" नात म्हणाली, "आजी, इथें वीस भिक्षूंना कपड्यासाठीं पैसे मिळत होते. हिशेब बरोबर येतो." बाईला त्याचें मोठें कौतुक वाटलें. तिनें सर्व हिशेब पुन्हां करून घेतला आणि आपल्या नातवाला म्हणाली, "ऐकलास काय? ध्यानांत ठेव."

त्या मुलाचें नांव मला आठवतें, पण तें येथें लिहिणें उचित नव्हे. आतां तो पन्नाशीचा गृहस्थ असेल. हा लेख त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या वाचनांत आला, तर त्याच्या गुरुजींनीं चाळीस वर्षांनीं उत्तरपत्रिका पुन्हां तपासली आहे असें त्यानें समजावें. त्याचें उत्तर बरोबर होतें. आणि वाचकांना एवढीच विनंति: नाशिकहून परततांना डाव्या हातास ते डोंगर दिसले, म्हणजे बोट दाखवून थांबूं नका. गाडी बाजूस घ्या, मुलांना वर न्या, आणि त्यांना वीस भिक्षूंच्या वस्त्रांचा हिशेब करावयास सांगा.